मोटर तिसऱ्यांदा जळाली : दोष व्होल्टेजचा की आमचा?

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी. आमची बारा बिऱ्हाडांची जुनी सोसायटी, बडोद्यात मांजलपूरला. खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवर चढवायला एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोनोब्लॉक मोटर आहे. चौदा महिन्यांत तिचं वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, तिसऱ्यांदा जळालं. तीन वेळा तीन वेगळे कारीगर, पण निदान एकच : "मोटर बळी गई, साहेब. वोल्टेजनो प्रॉब्लेम छे." मी सेक्रेटरी, त्यामुळे दर वेळी वर्गणी मागत दारोदार फिरायचं काम माझंच.

लक्षण सांगतो. जळायच्या आधी आठ-दहा दिवस बटण दाबलं की नुसती हूंऽऽ करते, फिरत नाही. मग वॉचमन मागची जाळी काढून पंख्याला स्क्रूड्रायव्हरने ढोसतो, की सुटते. सुटली की टाकी भरेपर्यंत अगदी शहाण्यासारखी चालते. मी स्वतः मीटरपेटीजवळ व्होल्टेज मोजलं, २२८ आहे. मग व्होल्टेजचा दोष कसा? आणि न फिरणारी मोटर जळतेच कशी? काम तर काहीच करत नाही ना ती?

शंकेखोर

तिन्ही कारीगरांनी तांबं सांगून ॲल्युमिनियमची तार भरली असणार. माझं झालंय. पुढे.

रावपुऱ्याची_सून

शंकेखोर, तुमचं सगळंच झालेलं असतं. :)
धाग्याला धरूनच माझा एक प्रश्न : आमच्या हॉलचा पंखा मे महिन्यात अगदी मरगळतो. सासरे म्हणतात उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं. बाकीचे पंखे मात्र बरे फिरतात. मग एकट्या हॉललाच कमी व्होल्टेज येतं की काय?

तांब्याची_तार

मांजलपूरकर, आधी त्या वॉचमनला थांबवा. जाळी काढून, चालू करंटवर, पंख्याला स्क्रूड्रायव्हर! मोटर सुटली की तो स्क्रूड्रायव्हर कुठल्या डोळ्याकडे उडेल सांगता येत नाही. आजपासून बंद.

मी मकरपुऱ्याच्या कारखान्यांत ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी भरण्यात चौतीस वर्षं काढली. तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

घरी मल्टीमीटर आहे ना? बंद मोटरच्या रनिंग वाइंडिंगचा रोध मोजा. एक हॉर्सपॉवरला साधारण २ ओहम येईल. आता शाळेतलं गणित करा : २३० भागिले २, म्हणजे ११५ अँपिअर. प्रत्यक्षात मोटर चालताना सहाच्या आसपास घेते. बाकीचे एकशे नऊ गेले कुठे?

ते कधी आत शिरतच नाहीत. त्यांना अडवणारं कोणी आत बसलेलं असतं, आणि ते मोटरने स्वतःच तयार केलेलं असतं. वाइंडिंगमधून उलटसुलट वाहणारा करंट लोखंडात उलटसुलट चुंबकत्व तयार करतो. बदलणारं चुंबकत्व ज्या ज्या तारेला वेढतं, तिच्यात दाब निर्माण करतं. ज्या वाइंडिंगने ते तयार केलं, तिच्यातसुद्धा. हा दाब येणाऱ्या व्होल्टेजच्या विरुद्ध असतो, म्हणून त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. २३० बाहेरून रेटतात, जवळजवळ तेवढेच आतून परत रेटतात. जी थोडी तफावत उरते, तिच्या हिशोबाने करंट आत येतो.

ट्रान्सफॉर्मर याच जोरावर जगतो. कोपऱ्यावरची डीपी रात्रभर ११ हजार व्होल्टला जोडलेली असते. सगळे झोपले की लोखंड चुंबकायला लागेल तेवढाच थोडासा करंट ती घेते. त्याच ट्रान्सफॉर्मरला बॅटरीचा सरळ डीसी द्या : चुंबकत्व बदलत नाही, उलटा दाब येत नाही, अडवायला फक्त तारेचा रोध उरतो. अशाने गेलेला एक टेस्टिंग ट्रान्सफॉर्मर मी पाहिलाय. वास आठवडाभर शेडमध्ये होता.

आता मोटर. इंडक्शन मोटर म्हणजे असा ट्रान्सफॉर्मर, ज्याच्या दुसऱ्या वाइंडिंगला शाफ्टवर बसवून फिरायला मोकळं सोडलंय. रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, ॲल्युमिनियमच्या दांड्या असतात, दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या, खारीच्या पिंजऱ्यासारख्या. म्हणजे दुसरं वाइंडिंग कायमचं शॉर्ट! ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या वाइंडिंगची दोन टोकं एकमेकांना जोडली तर काय होईल? तेच न फिरणाऱ्या मोटरमध्ये होतं. रोटर थांबलेला असताना चुंबकत्व त्याला पूर्ण ५० हर्ट्झने कापतं, दांड्यांत प्रचंड करंट खेळतो आणि तो भागवायला स्टेटरही, म्हणजे न फिरणारं वाइंडिंग, लाइनमधून नेहमीच्या पाच-सहापट ओढतो. मोटरमध्ये हे चुंबकत्व गोल फिरतं, कसं ते नंतर सांगतो. रोटर फिरू लागला की त्या चुंबकत्वाबरोबर पळतो. कापणं कमी, करंट कमी. तुमच्या मोटरच्या पाटीवर २८८० लिहिलं असेल. चुंबकत्व मिनिटाला ३००० फेरे घेतं, रोटर २८८०. चार टक्के मागे. त्या चार टक्क्यांमुळे दांड्यांना फक्त २ हर्ट्झ दिसतात.

म्हणून आमच्या शेडमध्ये म्हणायचे, मोटर फिरते म्हणून वाचते. थांबलेली मोटर काम करत नाही हे खरं, पण ओढते पाचपट. आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. शिवाय तिला वारा घालणारा पंखा त्याच शाफ्टवर, म्हणजे तोही थांबलेला.

जेवून येतो. बाकी नंतर.

शंकेखोर

काका, ही पोस्ट छापून ठेवतो. पण २८८० का? रोटर पूर्ण ३००० ने का पळत नाही, आळशी आहे का?

कलाभवनी

मी देतो उत्तर, परवाच व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, हेच विचारलं होतं. (दुसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रिकल.) ३००० ला पोचला तर रोटर आणि चुंबकत्व एकाच वेगाने फिरतील, कापणं शून्य, दांड्यांत करंट शून्य, जोर शून्य. लगेच मागे पडेल. मागे पडला की पुन्हा जोर. म्हणजे थोडं मागे राहणं हाच त्याचा पगार. पंपावर भार वाढला की अजून थोडा मागे पडतो आणि त्या बदल्यात जास्त करंट घेतो. कोणी सांगावं लागत नाही, आपोआप.

व्हायवात मला अजून एक विचारलं होतं आणि मी तोंडावर आपटलो : फॅरेडेच्या कड्यावर बॅटरी जोडून ठेवली तर दुसऱ्या वाइंडिंगला काय मिळेल? मी म्हणालो "करंट". सर हसले. २९ ऑगस्ट १८३१ ला फॅरेडेने लोखंडी कड्यावर दोन वाइंडिंग भरली, एकीला बॅटरी आणि दुसरीला करंट दाखवणारा काटा. काटा फक्त बॅटरी जोडताना आणि तोडताना हलला. मधल्या वेळात स्वस्थ. काकांनी डीसीचं जे सांगितलं तेच हे. त्या एका कड्यात पुढचे सगळे ट्रान्सफॉर्मर होते.

रावपुऱ्याची_सून

कलाभवनी, आमच्या आजेसासऱ्यांचं शिक्षण तुमच्याच कलाभवनात झालं. सयाजीरावांनी १८९० साली काढलं ते. दादासाहेब फाळकेही तिथलेच विद्यार्थी. आजेसासरे कौतुकाने सांगायचे, पण त्यांच्या हातून घरातली साधी घंटी कधी दुरुस्त झाली नाही. असो. माझ्या पंख्याचं काय झालं?

तांब्याची_तार

आलो. आता सिंगल फेजचं दुखणं, यातच सूनबाईंच्या पंख्याचं उत्तर आहे.

तीन फेज असले की तीन वाइंडिंगना पाळीपाळीने जोर मिळतो आणि चुंबकत्व आपसूक गोल फिरतं. घरात एकच फेज. त्याचं चुंबकत्व एका रेषेत पुढे-मागे होतं, फिरत नाही. रोटर थरथरतो, हूं करतो आणि तिथेच राहतो.

रावपुऱ्याची_सून

थांबा काका, हे मला येतं! आमच्या जुन्या शिवणयंत्राचं पायडल. पाय नुसता खाली-वर होतो. चाक बरोबर वरच्या टोकाला अडकलं तर कितीही दाबा, हलत नाही. हाताने चाकाला जरा झटका दिला की मग पायावर चालत राहतं. आणि झटका उलटा बसला तर उलटंच चालतं, दोरा तुटतो.

तांब्याची_तार

सूनबाई, चौतीस वर्षांत मी पोरांना इतकं नीट समजावू शकलो नाही. अगदी तेच. कंडेन्सर गेलेली मोटर हाताने ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला पळते.

दर वेळी हाताने झटका द्यायला नको म्हणून आत दुसरं वाइंडिंग असतं, स्टार्टिंगचं, काटकोनात बसवलेलं. त्याच्या वाटेत कंडेन्सर ठेवला की त्याचा करंट पहिल्याच्या थोडा आधी येतो. एकाच्या मागून दुसरा, असे दोन झटके बसले की चुंबकत्वाला गोल फिरल्यासारखी चाल मिळते. पंख्यात हा कंडेन्सर सहसा २.५ मायक्रोफॅरडचा असतो, वरच्या वाटीत, काडेपेटीएवढा. उष्णतेने वर्षागणिक तो झिजतो, २.५ चा १.५ होतो, आणि पंखा मरगळतो. तुमच्या हॉलचा पंखा सगळ्यात जास्त तास चालत असणार, म्हणून त्याचाच आधी गेला. सासऱ्यांना सांगा, व्होल्टेज निर्दोष. मेन स्विच बंद करून बदलून घ्या.

मांजलपूरकर, आता तुम्ही चार गोष्टी कळवा. १) करंट बंद असताना शाफ्ट हाताने मोकळा फिरतो का, विशेषतः सकाळी पहिल्यांदा? २) कंडेन्सर मोजून घ्या. ३) व्होल्टेज मीटरपेटीजवळ मोजू नका, मोटरच्या टर्मिनलवर मोजा, आणि बटण दाबतानाच्या क्षणी. ४) एमसीबी, म्हणजे करंट जादा झाला की आपोआप पडणारा स्विच, किती अँपिअरचा आहे? हे इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, स्वतः उघड्या टर्मिनलला हात लावू नका.

इंजिनवाला

वाचतोय. मी रेल्वेत, बडोद्यालाच. काकांचं "फिरते म्हणून वाचते" आमच्याकडे हजारो टनांच्या हिशोबात रोज चालतं. गाडी उभी असते तेव्हा मोटर थांबलेलीच असते आणि पूर्ण जोर तर नेमका तेव्हाच हवा.

जुन्या डब्ल्यूएपी-४ इंजिनात कार्बन ब्रशवाल्या डीसी मोटरी. तिथे ट्रान्सफॉर्मरला ३२ टॅप, ड्रायव्हर एकेक टॅप चढवत व्होल्टेज हळूहळू वाढवायचा. जसजशी मोटर फिरून उलटा दाब तयार करेल, तसतसा पुढचा टॅप. घाई केली की करंट उसळायचा. आता डब्ल्यूएपी-७ मध्ये वरून तेच २५ हजार व्होल्ट सिंगल फेज येतं, पण इंजिनातले कन्व्हर्टर त्याचं तीन फेज करतात आणि सहा इंडक्शन मोटरींना सुरुवातीला फ्रीक्वेन्सीच अगदी कमी देतात. चुंबकत्व हळू फिरलं की रोटर फार मागे पडतच नाही. गाडी सुटते तेव्हा जो चढता सूर ऐकू येतो, तो त्या कन्व्हर्टरचा.

आणि ब्रेक लावताना चुंबकत्वाचा वेग रोटरपेक्षा कमी करतात. मग रोटर पुढे, चुंबकत्व मागे. तीच मोटर जनित्र होते आणि वीज तारेत परत पाठवते.

कलाभवनी

इंजिनवाले काका, केवडियाला सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या वीजघरात २०० मेगावॉटची सहा यंत्रं आहेत, तीही दोन्हीकडे चालतील अशी बांधलेली. पाणी खाली आलं तर जनित्र, उलटं चालवलं तर पंप. सहलीला गेलो होतो, मुलं धरणासमोर सेल्फी काढत होती आणि मी एकटा पाटी वाचत होतो.

शंकेखोर

म्हणून एकटा होतास.

उत्तरायणवीर

तीन फेजवाले आपण सुरक्षित असं समजू नका. आमच्या कारेलीबागेतल्या इमारतीची लिफ्टची मोटर वासी उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, गेली. वर तारांवर पतंग आणि मांजाचं जाळं, त्यात तीनपैकी एक फेज उडाला. ज्यांच्या घरी तो फेज होता ते अंधारात, बाकीचे टीव्ही पाहत उंधियू खात बसले, म्हणून तासभर कोणी तक्रारही केली नाही. लिफ्ट हूं करत जागेवर. लोक बटण दाबत राहिले. वरच्या काकूंनी तर अकरा वेळा दाबलं, स्वतःच सांगत होत्या.

तांब्याची_तार

याला सिंगल फेजिंग म्हणतात. थांबलेली मोटर सुटत नाही. आधीपासून चालणारी असेल तर उरलेल्या दोन फेजवर चालत राहते, पण त्यांतला करंट साधारण पावणेदोनपट होतो. आवाज बदलतो, कोणी लक्ष देत नाही, वाइंडिंग जातं. उघडल्यावर ओळखू येतं : काही गट कोळसा, काही अगदी कोरे. सगळं वाइंडिंग सारखं काळं असेल तर जादा भार किंवा जॅम. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जादा वेळ जादा राहिला की मोटर तोडणारा रक्षक, नीट सेट केलेला असता तर मोटर वाचली असती. बऱ्याच ठिकाणी तो सारखा पडतो म्हणून शेवटच्या टोकाला फिरवून ठेवलेला असतो.

रावपुऱ्याची_सून

मिक्सरचं पण हेच का? शेंगदाण्याची चटणी घट्ट झाली की आवाज खाली जातो आणि वास येतो.

तांब्याची_तार

हेच. मिक्सरची मोटर जातीने वेगळी, कार्बनवाली, रिकामी असताना मिनिटाला १८-२० हजार फेरे घेणारी. पण तिचाही रक्षक तोच, फिरण्यातून येणारा उलटा दाब. चटणीने वेग पाडला की करंट चढला. तळाशी लाल बटण असतं ते तिच्यासाठीच. पडलं तर पाच-दहा मिनिटं थांबा, थोडं पाणी घाला, मग दाबा. वास येईपर्यंत रेटू नका. तारेवरच्या वार्निशचं आयुष्य तापमानावर असतं, ढोबळ हिशोब असा की दर दहा अंश जादा गरमीला निम्मं.

कलाभवनी

काका, एक अवांतर. दांडिया बाजारात माझ्या खोलीच्या खिडकीसमोर डीपी आहे. रात्री जो घुमण्याचा आवाज येतो तो ५० हर्ट्झपेक्षा वरचा वाटतो. फोनवर मोजला तर १००.

तांब्याची_तार

कान चांगला आहे. चुंबकत्व आलं की लोखंडाच्या पत्र्यांची लांबी किंचित बदलते. उत्तरेकडे चुंबकलं काय आणि दक्षिणेकडे काय, पत्र्याला सारखंच. म्हणजे एका फेऱ्यात दोनदा, सेकंदाला शंभरदा. पत्रे एकेक पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचे, म्हणजे ०.२३ ते ०.३० मिमी, एकावर एक रचलेले. सगळे मिळून गातात. भरीव लोखंड वापरलं असतं तर त्यातच भोवरे करंट फिरून ते तापलं असतं.

मांजलपूरकर

मंडळी, तपास पूर्ण. काका, बसून वाचा.

१) सकाळी शाफ्ट हाताला जड लागतो, दोन-तीन फेरे दिल्यावर मोकळा. पंप उघडला तर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार सीलपाशी चिकटलेला. २) कंडेन्सर उत्तम, २५ चा २४ भरला. ३) हे बघा : मीटरपेटीजवळ २२८, मोटरवर चालताना २१४, आणि बटण दाबल्यावर हूं करताना १६६! इलेक्ट्रिशियनने क्लॅम्प मीटर लावला, त्या वेळी करंट २६ अँपिअर. मीटरपेटीपासून मोटरपर्यंत सुमारे ४० मीटर वायर आहे, १ चौरस मिमीची. मधे जिन्याखाली पिळा मारून टेप गुंडाळलेला जोड. टेप काळा पडलाय. ४) एमसीबी ३२ चा. आधी १६ चा होता, तो पडायचा म्हणून मागच्या कारीगराने बदलला म्हणे.

तांब्याची_तार

सापडला चोर. चार चोर आहेत खरं तर.

हिशोब करू. १ चौरस मिमीची तांब्याची वायर, जाऊन-येऊन ८० मीटर : रोध १.४ ओहमच्या आसपास. त्या जळक्या जोडाचा धरा आणखी १. चालताना ६ अँपिअर गुणिले २.४, म्हणजे १४ व्होल्ट गेले. २२८ चे २१४. कोणालाही वाटेल, ठीक आहे. सुरू होताना २६ गुणिले २.४, म्हणजे ६२ गेले. २२८ चे १६६. जमलं की नाही अगदी? म्हणजे तिन्ही कारीगर व्होल्टेज म्हणाले ते अर्धं खरं होतं, पण ते व्होल्टेज तुमच्याच जिन्याखाली मरत होतं.

आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. १६६ वर जोर ५३ टक्के. या जातीच्या मोटरचा सुरुवातीचा जोर मुळातच बेताचा. पंप सुरू होताना हलका असतो म्हणून एरवी भागतं. त्यात क्षाराने सील धरलेलं. नाही सुटली. मग २६ अँपिअरवर उभी राहिली : नेहमीच्या सव्वाचारपट करंट, म्हणजे तारेत अठरापट उष्णता, वारा शून्य. आणि ३२ चा एमसीबी २६ ला कशाला पडतोय? तो १६ चा बिचारा ओरडून सांगत होता, त्याचंच तोंड बंद केलं.

वायर आजच बदला, मोटरचं नंतर. १ चौरस मिमीच्या वायरवर ३२ चा एमसीबी म्हणजे जिन्याखाली आग लावायची सोय. ४ चौरस मिमी टाका, मधे जोड नको. एमसीबी १६ चा. आणि मोटरसाठी वेगळा ओव्हरलोड रिले, ७ वर सेट करून. एमसीबी वायर सांभाळतो, मोटर सांभाळायचं काम त्याचं नाही.

शंकेखोर

म्हणजे तांबं भरलं होतं तर. शब्द मागे.

उत्तरायणवीर

या धाग्यावर काकांना एक सेव उसळ लागू. तर्री जादा.

रावपुऱ्याची_सून

हॉलचा कंडेन्सर बदलला. पहिल्यांदाच टेबलावरचे पेपर उडाले. सासरे म्हणाले, "बघ, आज व्होल्टेज चांगलं आहे."

मांजलपूरकर

वायर बदलली, ४ ची. रिले लावला. सील साफ केलं आणि दर दोन महिन्यांनी करायचं असं वहीत लिहिलं. आता बटण दाबताना मोटरवर व्होल्टेज २१० च्या खाली जात नाही, आणि हूं करायच्या आत सुटते. वॉचमनने जाळी परत बसवली, तरी स्क्रूड्रायव्हर अजून खिशातच ठेवतो.

वायरचे पैसे तिसऱ्या मजल्याने अजून दिलेले नाहीत. म्हणतात, मोटर जळली नसताना वर्गणी कसली?